पाताळगंगेतली पाणपिसू कुणाची?

खोपोलीच्या टाटा वीजगृहाची चाके १९१५ साली फिरू लागली, तेव्हापासून लोणावळा-वळवणच्या तलावांचे पाणी घाट उतरून खालापूर तालुक्यात येते. एरवी हे पाणी इंद्रायणीतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळाले असते. आता ते पोलादी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली येते, वीज देते आणि पाताळगंगेतून अरबी समुद्राकडे जाते. १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले आणि ठोकरवाडी धरणात अडवलेले आंध्रा नदीचे पाणी त्याच रीतीने कर्जत तालुक्यात पेज नदीत उतरले. पेज बारमाही वाहते ती त्यामुळेच, आणि राजनाला कालव्यावरचे उन्हाळी भातही याच पाण्यावर उभे राहते.

या नदीत बारीक जाळीने पाणी गाळून कुणी एक पाणपिसू पकडली आणि वहीत लिहिले, ‘पाताळगंगा, खोपोली, तालुका खालापूर’. ही नोंद कोकणातल्या जिवाची झाली की घाटावरच्या? वीजगृहाच्या पाण्याचा चर नदीला मिळतो त्या जागेच्या वर पकडली असेल तर एक उत्तर, खाली पकडली असेल तर दुसरे. वहीत तेवढेच लिहिलेले नसते. पुढे कुणीतरी ती नोंद जिल्ह्याच्या यादीत घेतो, जिल्ह्याची यादी राज्याच्या यादीत जाते, राज्याची देशाच्या यादीत, आणि शंभर मीटरांच्या अंतरात लपलेला प्रश्न कायमचा पुसला जातो.

माझे म्हणणे सरळ आहे. गोड्या पाण्यातल्या सूक्ष्म जिवांच्या बाबतीत नाव, नमुना आणि नेमकी जागा या तीन गोष्टी एकत्र नसतील, तर ती नोंद पुरावा म्हणून मोजू नये. हे म्हणणे कठोर वाटेल, कारण त्याने आपल्याकडच्या पुष्कळ याद्या पातळ होतात. तरीही ते मांडले पाहिजे, कारण कर्जत-खालापूरमधली तळी, खाचरे आणि ओढे आपल्या डोळ्यांदेखत बदलत आहेत आणि काय होते, काय आले, काय गेले हे सांगायला विश्वासाचा एकही आधार उरणार नाही.

पाणपिसू म्हणजे काय ते आधी सांगतो. कोळंबी-खेकड्यांच्या मोठ्या कुळातला हा जीव, बहुधा अर्धा ते तीन मिलिमीटरांचा. अंगावर पारदर्शक दुहेरी कवच, आत धडधडणारे हृदय स्पष्ट दिसणारे, एकच मोठा काळा डोळा, आणि डोक्याजवळच्या फांद्याफांद्यांच्या शृंगिकांनी पाणी मारत उड्या घेत पोहण्याची रीत. शास्त्रीय भाषेत या गटाला क्लॅडोसेरा म्हणतात. डॅफ्निया, मॉइना, सेरिओडॅफ्निया, डायफॅनोसोमा, कायडोरस, अलोना ही त्यातली काही नावे. पाणी चांगले आणि अन्न भरपूर असले की माद्या नराविना माद्यांनाच जन्म देतात. पाणी आटू लागले किंवा गर्दी झाली की नर निर्माण होतात, मीलन होते आणि जाड आवरणातली सुप्त अंडी तयार होतात. ही अंडी गाळात वर्षानुवर्षे टिकतात, सुकून जातात तरी मरत नाहीत, पक्ष्याच्या किंवा माशाच्या पोटातून जिवंत बाहेर पडतात. वीजगृहाच्या नळातून येणारी प्रौढ पिसू त्या माऱ्यात मरेलही. तिची सुप्त अंडी मात्र असल्याच प्रवासासाठी घडलेली आहेत.

पावसाळ्याच्या तोंडाला कर्जतच्या शेतकऱ्याच्या, ठाकराच्या, कातकऱ्याच्या घरी वलगणीचे मासे शिजतात. पहिल्या पुराबरोबर नदीतून खाचरात चढलेले हे मासे तिथे अंडी घालायला येतात. अंड्यांतून निघालेल्या पिल्लांना पहिल्या दिवसांत तोंडात मावेल असे अन्न लागते, आणि खाचरातल्या कोमट उथळ पाण्यात ते अन्न म्हणजे पाणपिसवा, त्यांच्याहून बारीक रोटिफर आणि त्यांच्यासोबतचे इतर सूक्ष्म जीव. उबदार पाण्यात मॉइना चार-पाच दिवसांत प्रौढ होते. लावणीनंतर पाणी साचले की आठवड्याभरात खाचर तिने भरते. पाणपिसवा हिरवे शेवाळ आणि जिवाणू गाळून खातात, म्हणून तळ्याचे पाणी निवळ राहण्यातही त्यांचा वाटा असतो. इतके काम करणाऱ्या जिवाचे नाव आपण बरोबर लिहावे, एवढी अपेक्षा जास्त नाही.

नाव चुकते कसे? आपल्या महाविद्यालयांत कित्येक दशके ज्या ग्रंथावरून सूक्ष्म जीव ओळखले गेले, तो वॉर्ड आणि व्हिपल यांचा ‘फ्रेशवॉटर बायॉलॉजी’, म्हणजे एडमंडसन यांनी संपादलेली त्याची १९५९ ची आवृत्ती. ग्रंथ उत्तम आहे, पण तो उत्तर अमेरिकेसाठी लिहिलेला आहे. ओळखीची किल्ली दर पायरीला दोन पर्याय देते: काटा आहे की नाही, दात सात की नऊ. शेवटच्या पायरीवर काहीतरी नाव हाती पडतेच. कर्जतच्या तळ्यातला जीव त्या किल्लीत मुळात नसेल, तरी किल्ली ‘माहीत नाही’ असे म्हणत नाही. ती जवळचे अमेरिकी नाव देऊन मोकळी होते. नवखा विद्यार्थी ते नाव लिहितो, मार्गदर्शक सही करतो, आणि समशीतोष्ण प्रदेशातली डॅफ्निया प्युलेक्स किंवा युरोप-उत्तर आशियातली डायफॅनोसोमा ब्रॅकियुरम आपल्या उष्ण सखल पाण्यात वावरू लागते. कागदावर.

या चुकीच्या मुळाशी एक जुनी समजूतही होती. पाणपिसवांची अंडी वाऱ्याने, पक्ष्यांनी सगळीकडे पोचतात, म्हणून एकच जात डेन्मार्कपासून दख्खनपर्यंत असणारच, असे शंभर-दीडशे वर्षे मानले गेले. इंडियाना विद्यापीठातले डेव्हिड फ्रे यांनी या समजुतीला हादरा दिला. डेन्मार्कच्या म्युलर यांनी १७७६ मध्ये नाव दिलेली कायडोरस स्फेरिकस ही जगभर नोंदलेली चिमुकली गोल पिसू. फ्रे यांनी १९८० मध्ये दाखवले की त्या एका नावाखाली अनेक जाती दडल्या आहेत. पुढे गटामागून गटात तेच आढळले. डायफॅनोसोमाचे कोडे रशियाच्या कोरोव्हचिन्स्की यांनी सोडवले. अलोना हा अवाढव्य वंश फुटून त्याचे कित्येक वंश झाले. भारतातल्या मत्स्यशेतीच्या लिखाणात सर्रास येणारे डॅफ्निया कॅरिनाटा हे नाव मुळात १८५३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या प्राण्याला किंग यांनी दिलेले आहे. त्याच धाटणीच्या आपल्याकडच्या डॅफ्नियाला हुडेक यांनी १९९१ मध्ये डॅफ्निया सिमिलॉइड्स असे स्वतंत्र नाव दिले. मग जुन्या शोधनिबंधांतल्या कॅरिनाटा नेमक्या कोण होत्या? नमुना जपला असेल तर आज बाटली उघडून सांगता येईल. नसेल तर कधीच सांगता येणार नाही.

देशपातळीवर याचा हिशेब एकदा झाला आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या ‘फौना ऑफ इंडिया’ मालेत मायकेल आणि शर्मा यांचे क्लॅडोसेरावरचे पुस्तक १९८८ मध्ये आले; अजूनही अभ्यासकाला तिथूनच सुरुवात करावी लागते. त्यानंतर २०१३ मध्ये चॅटर्जी, कोटोव्ह, व्हान डॅम, चंद्रशेखर आणि पाध्ये यांनी भारतातल्या सगळ्या नोंदी एकत्र करून तपासल्या. भारतातून सुमारे १९० जातींची नावे नोंदली गेली होती. त्यांच्या कसोटीला सुमारे १३० उतरली. बाकीची नावे संशयास्पद, पर्यायी किंवा चुकीची. म्हणजे दर तीन नावांमागे जवळपास एक नाव गळले. मला या तपासणीत विज्ञानाची ताकद दिसते. पण हे गाळणे नमुन्यांवरून कमी आणि तर्कावरून जास्त करावे लागले, कारण पुष्कळ ठिकाणी पाहायला नमुनाच नव्हता. याची खंत वाटते.

कर्जत-खालापूरच्या माणसाला हे सातबाऱ्यावरून लगेच कळेल. उताऱ्यावर नाव असले म्हणून कुणी जमीन घेत नाही; ते नाव कोणत्या फेरफाराने लागले हे आधी काढून पाहतात. प्राण्यांच्या यादीत संग्रहालयातल्या नमुन्याचा क्रमांक हा तो फेरफार आहे, आणि आपल्या बहुतेक स्थानिक याद्यांत तो रकानाच नसतो.

नमुना जपल्याने काय साधते याचे महाराष्ट्रातले उदाहरण नागपूरचे आहे. मिशनरी आणि भूशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूरच्या पाण्यातले बारीक कवचधारी जीव लंडनला ब्रिटिश म्युझियमच्या विल्यम बेअर्ड यांच्याकडे पाठवले, आणि १८५९ मध्ये बेअर्ड यांनी त्यांचे वर्णन छापले. त्यातल्या एका जिवाचे आजचे नाव सायक्लेस्थेरिया हिस्लोपी. शिंपल्यासारख्या दोन झडपांत राहणारा हा प्राणी पाणपिसवांचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक मानला जातो; पाणपिसूसारखीच त्याची मादी पिल्ले कवचाखाली वाढवते. पुढे तो आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा सगळ्या उष्ण प्रदेशांतून नोंदला गेला आणि दीडशे वर्षे एकच जात म्हणून ओळखला गेला. २०१३ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून कळले की दिसायला सारख्या अशा अनेक जाती त्यात आहेत आणि त्यांची फारकत डायनोसॉरांच्या क्रिटेशस युगापर्यंत मागे जाते. त्या अभ्यासात पुण्याचे समीर पाध्येही होते. आता हिस्लोपी हे नाव यांपैकी कुणाचे? नियमाने ते नागपूरच्या जातीचे. हे ठामपणे म्हणता येते ते एवढ्यासाठीच की जीव कुठला, कुणी पकडला, कुणी पाहिला हे तेव्हा लिहून ठेवले गेले. हिस्लॉप १८६३ मध्ये नदीत बुडून वारले. त्यांची नोंद अजून कामाला येते.

आणि आपल्या भागात नवे सापडायचे राहिलेले नाही असे कुणी समजू नये. मॉइना हेमंती ही नवी जात पाध्ये आणि बेल्जियमचे आँरी द्यूमाँ यांनी २०१४ मध्ये वर्णन केली, ती पुण्यातून. या दोघांनीच पुढच्या वर्षी महाराष्ट्र-गोव्यातल्या सह्याद्रीच्या पाणपिसवांचा आढावा घेतला. पुण्यासारख्या शेकडो प्राध्यापकांच्या शहरात जर एक जात एकविसाव्या शतकापर्यंत निनावी राहते, तर माथेरानच्या शार्लट तलावात, कोथळीगडाच्या टाक्यांत, पळसदरीच्या तलावात, खांडसच्या खाचरांत काय असेल? कर्जत तालुक्यात पायथ्याच्या भातशेतीपासून माथेरानच्या आठशे मीटर माथ्यापर्यंत सगळे पाणी आहे: वाहते, साचलेले, कातळातले, सावलीतले, वर्षभराचे आणि चार महिन्यांचे. एवढ्या लहान क्षेत्रात इतकी विविधता मिळणे हे अभ्यासकाचे भाग्य आहे.

पण हाच भाग सर्वाधिक सरमिसळीचाही आहे. वीजगृहांच्या पाण्याचे सांगितलेच. शिवाय धरणांत आणि तळ्यांत रोहू-कटल्याचे बीज दुरून येते, आणि पिशवीतल्या पाण्याबरोबर कोण कोण येते हे कुणी पाहत नाही. फार्महाऊस आणि रिसॉर्टच्या हौदांत रोपवाटिकेतली कमळे येतात, त्यांच्या मुळांशी गाळ असतो. डॅफ्निया लुमहोल्ट्झी ही आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलियातली लांब काट्यांची पिसू १९९० च्या सुमारास अमेरिकेत टेक्सासच्या जलाशयांत दिसली आणि काही वर्षांत तिथल्या बऱ्याच जलाशयांत पसरली. ती परकी आहे हे तिथे लगेच ओळखता आले, कारण आधी काय होते याच्या नोंदी भरवशाच्या होत्या. उद्या मोरबे धरणात एखादी नवी पिसू दिसली, तर ती नवी आहे हे आपण कशावरून म्हणणार?

इथे एक आक्षेप येतो, आणि तो आदराने ऐकला पाहिजे. लहान गावच्या महाविद्यालयात चांगला सूक्ष्मदर्शक नसतो, शिक्षकावर तासांचे ओझे असते, नियतकालिके परवडत नाहीत. अशा परिस्थितीत ज्यांनी तळ्याकाठी जाऊन याद्या केल्या त्यांना आता नमुन्याचा क्रमांक मागणे हा अन्याय नाही का? त्यांच्या कष्टांचे मोल मी कमी करत नाही. पण नमुना जपायला सूक्ष्मदर्शकापेक्षा खूप कमी खर्च लागतो. काचेची कुपी, अल्कोहोल, पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. ओळख चुकली तरी चालेल. कुपी असेल तर पुढचा माणूस दुरुस्त करील. कुपीशिवायची बरोबर ओळखसुद्धा कुणाला पटवून देता येत नाही. साधने कमी असतील तिथे तर नाव देण्याआधी नमुना ठेवण्याचीच गरज जास्त.

दुसरा आक्षेप तरुणांचा. आता डीएनए आहे, काटे आणि दात कशाला मोजायचे? डीएनए बारकोडची कल्पना २००३ मध्ये मांडणारे कॅनडाचे पॉल हेबर्ट हे मुळात डॅफ्नियाच्या जनुकशास्त्राचे अभ्यासक होते, म्हणून हा आक्षेप या विषयात पोरका नाही. मी त्याच्या विरुद्ध नाही. पण बारकोड हा तुलनेचा खेळ आहे; समोरच्या संग्रहात चुकीच्या नावाने ठेवलेला डीएनए-क्रम असेल तर यंत्रही तीच चूक परत देईल. बारकोडमागेही ओळखलेला, जपलेला प्राणी लागतो. पोटाच्या टोकाची नखी, पहिल्या पायावरचे केस, डोक्यावरची छिद्रे पाहणारा डोळा अजून कालबाह्य झालेला नाही, आणि ग्लिसरीनच्या थेंबात बारीक सुईने पाय सोडवण्याचे कौशल्य शिकवणारी माणसे आपल्याकडे फार थोडी उरली आहेत.

‘याने कुणाचे काय बिघडते?’ हा तिसरा प्रश्न. कारखान्याच्या सांडपाण्याचा विषारीपणा तपासायला जगभर डॅफ्निया मॅग्ना वापरतात. ही थंड हवेच्या प्रदेशांत फोफावणारी मोठी पिसू. रसायनी-पाताळगंगा पट्ट्यातल्या पाण्यात राहणारे जीव आकाराने लहान, उबदार पाण्याला सरावलेले आणि वेगळ्या जातींचे आहेत. इथल्या नदीला किती विष सोसते हे विचारायचे असेल, तर इथल्या जातींना विचारले पाहिजे, आणि त्यासाठी त्या कोण आहेत हे माहीत हवे. प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालांतही सूक्ष्म जिवांची यादी जोडावी लागते. तिथे केवळ वंशांची नावे टाकली तर प्रकल्पाच्या वरच्या आणि खालच्या नदीतला फरक कधीच दिसणार नाही, कारण मॉइना स्वच्छ खाचरातही असते आणि घाण डबक्यातही. कोणती मॉइना, हाच प्रश्न असतो. पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या जैवविविधतेचे आंतरराष्ट्रीय मूल्यमापन २०११ मध्ये झाले. त्यात मासे, शिंपले-गोगलगायी, चतुर आणि पाणवनस्पती होत्या. पाणपिसवा नव्हत्या. यादी विश्वासार्ह नसलेल्या जिवाला संरक्षणाच्या चर्चेत जागा मिळत नाही.

आता करायचे काय, तर मला नॉर्वेचे सार्स आठवतात. निसर्गाभ्यासक कार्ल लुमहोल्ट्झ यांनी ऑस्ट्रेलियातून पाठवलेला सुका चिखल सार्स यांनी आजच्या ओस्लोत पाण्यात घातला, आणि त्यातून उबलेल्या जिवांचे वर्णन १८८५ मध्ये केले. डॅफ्निया लुमहोल्ट्झी, सेरिओडॅफ्निया कॉर्नुटा, डायफॅनोसोमा एक्सायसम ही नावे त्या चिखलातून आली. सार्स ऑस्ट्रेलियाला गेले नव्हते. कर्जतच्या विद्यार्थ्याला तर चिखल मागवायचीही गरज नाही. एप्रिल-मे मध्ये राजनाल्याच्या पाण्याखाली नसलेल्या खाचरातली आणि असलेल्या खाचरातली ढेकळे वेगवेगळ्या पिशव्यांत आणावीत, उकळून गार केलेल्या पाण्यात वेगवेगळ्या बरण्यांत भिजवावीत, झाकण घालून उजेडात ठेवावीत. जे उबेल ते कोणत्या खाचराचे याबद्दल शंका राहत नाही. पेजच्या पाण्यावरची खाचरे आणि केवळ पावसावरची खाचरे यांत फरक निघतो का, हा या लेखाच्या सुरुवातीचा प्रश्न इतक्या साध्या साधनांनी तपासता येतो. एम.एस्सी.च्या प्रबंधाला याहून चांगला विषय मला सुचत नाही.

जपतानाही थोडी काळजी हवी. साध्या फॉर्मेलिनमध्ये डॅफ्निया फुगते आणि तिची अंडी बाहेर पडतात. साखर घातलेल्या फॉर्मेलिनमध्ये ती आकारात राहते. डीएनएसाठी निम्मे प्राणी तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवावेत. चिठ्ठीवर अक्षांश-रेखांश, तारीख, पकडणाऱ्याचे नाव, आणि कर्जत-खालापूरमध्ये खास करून हे लिहावे: वीजगृहाच्या पाण्याच्या वर की खाली, कालव्याचे शेत की पावसाचे. नर सापडले तर ते वेगळे ठेवावेत. कित्येक जातींचा निकाल नरावरूनच लागतो.

कर्जत आणि खोपोलीच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. तुमच्या कपाटातल्या जुन्या प्रबंधांत पाणपिसवांच्या याद्या असतील. त्या पुन्हा छापण्याआधी त्या त्या तळ्यावर परत जा, नमुना घ्या, चित्र काढा, आणि ‘अमुक साली नोंदलेले, आता सापडले’ किंवा ‘आता सापडले नाही’ असे स्पष्ट लिहा. ग्रामपंचायतींच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांत माशांच्या शेजारी एक पान या जिवांसाठी उघडा आणि त्यात जोपर्यंत खात्री नाही तोपर्यंत फक्त वंशाचे नाव लिहा. कुप्यांचा एक संच भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या आकुर्डी येथील पश्चिम विभागीय केंद्रात द्या. कर्जतहून ते एका दिवसात जाऊन येण्याइतके जवळ आहे.

संशोधन नियतकालिकांच्या संपादकांनाही एक सांगायचे आहे. पाणपिसवांची जी प्रादेशिक यादी नमुन्याच्या क्रमांकाविना आणि निदान संशयास्पद जातींच्या चित्रांविना येईल, ती परत पाठवा. लेखकाला वाईट वाटेल, पण पुढच्या हंगामात तो जाळी घेऊन पुन्हा तळ्यावर जाईल.